खेळणं थांबलं, आता कोच व्हायचंय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजच्या फुटबॉलवर चार ओळी लिहिल्या तर त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. मी स्वतः कॉलेजकडून आणि विद्यापीठाकडून स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावात मधोमध खेळलोय, आणि आता बरीच वर्षं मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात स्पोर्ट्सचं बघतो, टीमही मीच घेतो. त्यामुळे उत्तरं पुस्तकातली कमी आणि मैदानातली जास्त आहेत. पत्रं मोठी होती, मुद्द्यापुरती दिलीयत.

प्रश्न : सर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजकडून तीन वर्षं खेळलो, एकदा विद्यापीठाच्या टीममध्येही होतो. मागच्या सीझनला गुडघा गेला, एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. घरचे म्हणतात बस झालं आता, पोलीस भरतीचं बघ. मला फुटबॉल सोडायचा नाही सर. तुमच्यासारखं कॉलेजचा कोच व्हायचं तर काय करावं लागतं? फुटबॉल कोचिंगचं डी लायसन्स केलं की लागेल का नोकरी?

उत्तर : बाळा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तिथंच दरवर्षी पोरं फसतात. नाही, नुसत्या डी लायसन्सवर कॉलेजात नोकरी लागत नाही. कॉलेजात जी पोस्ट असते ती कोचची नसतेच, ती असते शारीरिक शिक्षण संचालकाची, ज्यांना आपण स्पोर्ट्सचे सर म्हणतो. त्या पोस्टला विचारतात एमपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची मास्टर्स डिग्री ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, स्वतः आंतरमहाविद्यालयीन किंवा त्याच्या वर खेळल्याचं रेकॉर्ड, आणि फिटनेस टेस्ट. यूजीसीच्या २०१८च्या नियमात ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर जायचंय, म्हणजे ४००च्या ट्रॅकचे साडेचार राऊंड. तुझा गुडघा नीट बरा झाला तर हे आरामात होतं, त्याची काळजी करू नको. पोस्ट परमनंट मिळाली तर सुरुवातीचं बेसिक ५७,७०० आहे, पण जागा फार कमी निघतात आणि कितीतरी चांगली पोरं वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासाच्या पैशांवर काम करतायत, हे तुला आधीच माहीत असलेलं बरं.

आता दुसरी बाजू. एखादा एमपीएड करून नेट काढून नोकरीला लागतो आणि पहिल्या दिवशी सकाळी सहाला बावीस पोरांसमोर उभा राहिला की त्याला कळत नाही दीड तास यांच्याकडून करून काय घ्यायचं. मग चार राऊंड पळवा, दोन टीम पाडा, खेळा, संपलं. हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण त्या पोरांची तीन वर्षं त्यात जातात आणि ती तीन वर्षं परत येत नाहीत. शिकवायचं कसं ते लायसन्सच्या कोर्सात शिकायला मिळतं. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या जिन्याच्या पायऱ्या अशा आहेत, डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीचा कोर्स थोड्या दिवसांचा असतो, महाराष्ट्रात विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतो, तारखा लागल्या की जागा पटकन भरतात तेवढं लक्ष ठेव. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्सचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे आणि मोठा डिप्लोमा आहे, साईच्या, म्हणजे स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या कोच भरतीत त्या डिप्लोमाला वजन आहे. साईचं सेंटर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच आहे, एकदा जाऊन बघून ये, तिथं ट्रेनिंग कसं चालतं ते नुसतं बाजूला उभं राहून बघितलं तरी खूप कळतं.

माझा अनुभव सांगतो. मी डीच्या कोर्सला गेलो तेव्हा मला वाटायचं की मी विद्यापीठाकडून खेळलेला माणूस, मला काय शिकवणार. मला पासिंगचं सेशन घ्यायला सांगितलं, मी पोरांना गोलात उभं केलं आणि समजावायला लागलो, पाय असा ठेवा, नजर वर ठेवा, बॉल यायच्या आधी मागं बघा, सगळं बरोबरच सांगत होतो. इन्स्ट्रक्टर काहीच बोलले नाहीत, नंतर फक्त घड्याळ दाखवलं, मी चार मिनिटं बोललो होतो आणि त्या चार मिनिटांत बॉल एकदाही हलला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खेळता येणं आणि खेळायला शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून मी वीस सेकंदांच्या वर बोलत नाही, जे सांगायचं ते बॉल चालू असताना सांगतो नाहीतर पोराला बाजूला घेऊन.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की डिग्री नोकरीसाठी आणि लायसन्स कामासाठी, दोन्ही जिने चढायचे, आणि खेळत असतानाच चढायला सुरुवात करायची, खेळणं संपायची वाट बघायची नाही.

आणि तुला एक नाव सांगतो, सय्यद अब्दुल रहीम. आपला मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, इकडची त्या काळची पोरं पुढं शिकायला हैदराबादला उस्मानियाला जायची, रहीमसाहेब त्याच उस्मानियात शिकले, फुटबॉल खेळले, मग शाळेत मास्तर झाले आणि शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला. आधी खेळाडू, मग मास्तर, मग कोच. हैदराबाद सिटी पोलीसची टीम त्यांनी घडवली आणि त्या टीमनं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ला एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला आणि पुढच्याच महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिकला रहीमसाहेबांची टीम सेमीफायनल खेळत होती, चौथी आली. हा वारसा जेवढा हैदराबादचा तेवढा आपलाही आहे असं मला मनापासून वाटतं, आणि मराठवाड्यातल्या किती पोरांना हे नाव माहितीय, तर वर्गात विचारून बघा, एक हात वर येत नाही. जकार्ताची १९६२ची फायनल झाली तेव्हा ते आजारी होते, पुढच्या वर्षी कॅन्सरनं गेले.

बघ, ती टीम पोलिसांची होती. भारताचा स्ट्रायकर आय. एम. विजयनसुद्धा केरळ पोलीसच्या टीममधून पुढं आला. म्हणजे घरचे पोलीस भरती म्हणतात ते काही तुझ्या वाईटावर नाहीत, भरती दे, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे त्याचंही बघ. कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट कुठल्या पोस्टला चालतं याचे नियम आहेत, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचार, मित्राच्या सांगण्यावर राहू नको. आणि सर्टिफिकेटं सांभाळ रे बाबा. माझं एका स्पर्धेचं ओरिजनल एका ऑफिसात जमा केलं ते परत मिळालंच नाही, डुप्लिकेटसाठी दोन वर्षं चकरा मारल्या. तेव्हापासून सगळ्या पोरांना सांगतो, ओरिजनल हातातून सोडायचं नाही, झेरॉक्स द्यायची, आणि पडताळणीचा शिक्का मारायला लागतो म्हणून लॅमिनेशन करायचं नाही.

गुडघ्याचं म्हणशील तर ऑपरेशननंतर नऊ महिने तरी मॅचचं नाव काढू नको, फिजिओ सांगतील तेवढाच व्यायाम. तोपर्यंत तुझ्या सरांना म्हण की फर्स्ट इयरच्या पोरांचं वॉर्मअप मला द्या. एक वही कर. आज काय घेतलं, काय जमलं, कुठल्या पोराला डाव्या पायानं येत नाही, रोज पाच ओळी. माझ्याकडं अशा अकरा वह्या आहेत आणि आजही सीझनच्या आधी मी त्या काढून बसतो.

प्रश्न : माझा पुतण्या म्हणतो अमेरिकेत कॉलेजचे फुटबॉल कोच करोडोंनी कमावतात. मग आपल्याकडं असं का नाही? (एक वाचक, जालना)

उत्तर : पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. तिकडं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो, करोडो त्याच्या कोचना मिळतात. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात आणि त्याच्या कॉलेज कोचचे पगार त्या मानानं पुष्कळ कमी. पण फरक पैशापेक्षा दुसरीकडं आहे. तिथं कॉलेजचा सॉकर कोच हा पूर्णवेळ कोचच असतो, खेळाडू तोच शोधतो, स्कॉलरशिप कुणाला द्यायची ते त्याच्या शब्दावर ठरतं. आपल्याकडं तोच माणूस परीक्षेची ड्युटी करतो, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, नॅकच्या फाइली करतो, २६ जानेवारीचं संचलन घेतो आणि उरलेल्या वेळात कोच असतो.

दोन नावं सांगतो कारण दोघंही आधी कॉलेजचे खेळाडूच होते. अँसन डोरन्स नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीकडून खेळले, पुढं वकिलीचं शिक्षण चालू असतानाच तिथल्याच टीमचे कोच झाले, १९७९ला मुलींची टीम सुरू केली आणि २०२४ला निवृत्त होईपर्यंत त्या टीमला एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज स्पर्धांची २१ विजेतेपदं मिळवून दिली. मधल्या काळात देशाच्या महिला टीमचेही कोच होते, १९९१चा पहिला महिला वर्ल्ड कप त्यांच्याच टीमनं जिंकला. दुसरे ब्रूस अरीना, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत १९७८ ते १९९५ कोच, पाच विजेतेपदं, नंतर अमेरिकेची नॅशनल टीम घेऊन २००२च्या वर्ल्ड कपला क्वार्टरफायनलपर्यंत गेले. म्हणजे तिकडं कॉलेजच्या मैदानावरून थेट देशाच्या टीमपर्यंत रस्ता जातो.

आपल्याकडं तो रस्ता क्लबातून जातो. खालिद जमीलचंच बघा, महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मुंबई एफसीत खेळणं संपलं तिथंच २००९ला कोच झाला, २०१७ला मिझोरामच्या आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग ही देशातल्या क्लबांची लीग जिंकून दिली आणि २०२५ला भारताचा कोच झाला. मुंबई, कोल्हापूर, पुण्याला क्लब आहेत, मराठवाड्यात पूर्णवेळ पगार देईल असा क्लब नाही, त्यामुळं इथल्या पोराला कॉलेज हाच एक दरवाजा आहे आणि म्हणूनच तिथं कोण उभा आहे याला इतकं महत्त्व आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला लातूरला आहे, शाळेत असताना सुब्रतो कपला विभागापर्यंत खेळली. कॉलेजात मुलींची टीमच नाही, सर म्हणतात अकरा मुली जमत नाहीत. घरी सगळे म्हणतात नीटचा अभ्यास कर. तिनं खेळावं असं मला वाटतं पण पुढं काय ते कळत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही हे पत्र लिहिलंत हेच खूप आहे, कारण मुलींच्या बाबतीत घरातलं एक माणूस जरी पाठीशी असलं तरी पोरगी टिकते, हे मी कितीदा बघितलंय.

अकरा जमत नाहीत तर पाच जमवा. पाच-पाचचा खेळ बास्केटबॉलच्या कोर्टवरसुद्धा होतो. आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल सुरू झाला तेव्हा सहाच मुली होत्या, त्यातल्या तीन खो-खोच्या, एक ॲथलेटिक्सची, आणि खो-खोच्या मुलींचं वळणं इतकं चपळ असतं की महिन्याभरात त्या मुलांच्या टीमला बॉल मिळू देत नव्हत्या. मुली न येण्याचं कारण बहुतेक वेळा खेळ नसतोच, कपडे बदलायला खोली नसते, मैदानाजवळ बाथरूम नसतं, प्रॅक्टिस संपेपर्यंत अंधार पडतो आणि गावाकडची शेवटची एसटी निघून जाते. म्हणून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, चार पालकांच्या सह्या घेऊन, आणि त्यात टीम मागू नका, या तीन गोष्टी मागा, खोली, बाथरूम आणि पाचला सुरू होऊन सव्वासहाला संपणारी प्रॅक्टिस. अकरा जमत नाहीत म्हणणाऱ्या सरांनाही मग नाही म्हणता येत नाही.

पुढचं विचारलंत तर मुलींच्या सीनियर नॅशनल स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी हेच नाव आहे, इंडियन वुमेन्स लीग आहे, आणि खेळाडू असलेल्या गोव्याच्या मेमोल रॉकी पुढं भारताच्या महिला टीमच्या कोच झाल्या. एमपीएड करून संचालक होणाऱ्या बायका मराठवाड्यात अजून फार थोड्या आहेत आणि मुलींच्या टीम बाहेरगावी न्यायच्या तर प्रत्येक कॉलेजला बाई कोच हवीच असते. नीटचं वर्ष असेल तर आठवड्याला तीन दिवस, एकेक तास. अभ्यास बुडत नाही त्यानं, उलट माझ्याकडच्या मुली सांगतात की खेळून आल्यावर रात्री जास्त वेळ बसवतं.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर आहे. मुरमाचं मैदान, तीन बॉल, नेट नाही. वर दसऱ्यानंतर माझी चार पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, त्यातला एक माझा सगळ्यात चांगला विंगर. इंटर-कॉलेजला टीम कशी उभी करू?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टर्फ आणि जीपीएसच्या गप्पा मारणाऱ्यांना हे कोचिंग दिसतच नाही, पण मराठवाड्यातलं खरं कोचिंग हेच आहे.

मैदानाचं आधी. मुरमावर स्टड घालून पोरं घसरतात आणि घोटे मुरगळतात, साध्या रबरी सोलचे बूट घालायला सांगा. खडे वेचायचं काम पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून करा, एका रांगेत उभं राहून, गोलपोस्टपासून गोलपोस्टपर्यंत, तुम्हीसुद्धा त्या रांगेत. टँकर मिळाला तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, नाही मिळाला तर सोडून द्या, आपल्या भागात प्यायला पाणी नसतं तेव्हा मैदानावर ओतायला मागणं मलाही जमत नाही. फक्की मारायला चुना नसेल तर राख चालते. आणि सकाळी सहा ते साडेसात, त्यानंतर ऊन पोरांना खातं.

तीन बॉल पुरतात. अठरा पोरं म्हणजे सहा-सहाचे तीन गट, प्रत्येक गटात चार बाहेर, दोन आत, आतल्यांनी बॉल काढायचा, बाहेरच्यांनी दोन टचच्या वर घ्यायचे नाहीत. वीस मिनिटं. यात पळणं, पासिंग, मागं बघणं सगळं येतं आणि एकही पोरगं उभं राहत नाही. आठवड्यातून एक दिवस फक्त कच्च्या पायानं मॅच खेळवा, उजव्या पायाचा असेल तर डावाच पाय, रहीमसाहेब असं करून घ्यायचे असं सांगतात आणि मी करून बघितलंय, तीन आठवड्यांत फरक दिसतो. वॉर्मअपला फिफाचं ११ प्लस घ्या, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, साहित्य फारसं लागत नाही, गुडघे वाचतात. माझ्या वेळी हे कुणी करून घेतलं असतं तर कदाचित मी अजून चार वर्षं खेळलो असतो. कबड्डीची पोरं असतील तर एक-दोन डिफेन्सला आणा, अंगावर जायला ती घाबरत नाहीत, फक्त हात आवरायला शिकवावं लागतं.

आता त्या चार पोरांचं. माझ्याकडंही असा एक होता, वडवणीकडचा, डाव्या बाजूनं पळायला लागला की मैदानाबाहेर बसलेली माणसं उठून उभी राहायची. दसरा झाला, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले होते, कोयत्याला दोन माणसं लागतात आणि आई आजारी म्हणून बापाबरोबर हा गेला. मी घरी गेलो होतो तर घराला कुलूप, दारात त्याची आजी बसलेली, ती म्हणाली मार्चात येईल. मी चिडलो होतो आणि ती चूक होती, चिडायचं कुणावर. पुढच्या वर्षी मी जुलैतच त्याच्या बापाला भेटलो, हंगामात नाही, उचल घ्यायच्या आधी, आणि पोराला कमवा व शिका योजनेत कॉलेजातच काम लावून दिलं, लायब्ररीत, हॉस्टेलला सोय केली, मेसचं आम्ही तीन-चार शिक्षकांनी मिळून बघितलं. पैसे उसाइतके नव्हते, पण बाप म्हणाला शिकतंय तर शिकू द्या. त्या वर्षी तो विद्यापीठाचा कलर होल्डर झाला, म्हणजे विद्यापीठाच्या टीमकडून खेळला. सगळ्यांच्या बाबतीत हे जमत नाही, माझ्याही पुढच्या दोघांच्या बाबतीत जमलं नाही, उचल मोठी होती.

यंदासाठी मात्र एक करता येतं. विंगर कुठल्या कारखान्याच्या फडावर आहे ते गावातून कळेल, फोन लावा. इंटर-कॉलेज दोन-तीन दिवसांचीच असते, तेवढे दिवस बदली माणूस मिळाला तर बाप सोडतो, मी सोडलेले बघितलेत. टीए-डीएमधून, म्हणजे टीमच्या प्रवास-भत्त्यातून त्याचं एसटीचं भाडं बसवा. आणि हे पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा, एलिजिबिलिटी फॉर्मवर पोराची सही, दोन फोटो आणि बारावीच्या मार्कमेमोची झेरॉक्स दसऱ्याच्या आधीच घेऊन ठेवायची. कित्येकदा पोरगं यायला तयार असतं आणि फॉर्मवर सही नाही म्हणून बाहेर बसतं.